नदीकाठी मुक्कामाला येणाऱ्यांना पाण्याची वेळ सांगा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी एसटीत वाहक आहे, राहायला कळव्याला, खारेगावात. जून उजाडला की धबधब्यांवरच्या मनाई आदेशाची बातमी पेपरात येते, तशी यंदाही आली. शनिवार-रविवारी मुरबाड-माळशेजकडच्या गाडीवर ड्युटी लागली की अर्धी गाडी भिजायला निघालेल्यांची असते, त्यामुळे ती बातमी मी दर वर्षी नीट वाचते. पण पत्र लिहायला बसले ते त्या बातमीत नसलेल्या गोष्टीसाठी. आमच्या घरावर जे संकट येता येता राहिलं, ते पावसाळ्यात आलं नव्हतं. जानेवारीत, निरभ्र आभाळाखाली आलं होतं. त्या दिवशी तिथे कसलीही मनाई नव्हती.

आम्ही सात जण होतो. मी, यजमान, आठ वर्षांची थोरली, चार वर्षांचा धाकटा, नणंद, भाऊजी आणि त्यांचा दहा वर्षांचा मुलगा. रायगड जिल्ह्यात नदीकाठी तंबूंचा मुक्काम ठरवला होता. जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कर्जतपासून कोलाडपर्यंत असे कितीतरी मुक्काम आहेत आणि मला एकट्यादुकट्याला धरायचं नाही. माणशी बाराशे, मुलांना निम्मे. त्यात तंबू, चहा-भजी, रात्री चुलीवरचं जेवण, सकाळी पोहे. मोबाइलवर आलेल्या जाहिरातीत नदीच्या पाण्यात बसून हसणारी मुलं होती. ती बघूनच आमच्या मुलांनी हट्ट धरला. आमचं घर दोन खोल्यांचं, खाली पार्किंग, समोर रस्ता. मुलांनी एकदा वाहत्या पाण्यात पाय सोडून बसावं, रात्री चांदण्या बघाव्यात, असं मलाही फार वाटत होतं. अजूनही वाटतं.

दुपारी तीनला पोचलो तेव्हा नदी अगदी गरीब दिसत होती. पाणी माझ्या पोटरीपर्यंत, तळाचे गोटे मोजता येतील इतकं नितळ. मधोमध एक सपाट काळा खडक होता, आपल्या जेवणाच्या टेबलाएवढा. मुलांनी त्यावर ठाण मांडलं. धाकट्याने खडकाच्या कडेला पाच गोटे ओळीने मांडले आणि सांगितलं, ही माझी गाडी, आई तू कंडक्टर. मी काठावर बसून डबल बेल दिली की तो गाडी सोडायचा.

साडेपाचच्या सुमाराची गोष्ट. भाऊजी आणि यजमान तंबूकडे चहाला गेले होते. मी पाण्यात पाय सोडून बसले होते, आणि पाय एकदम गारठले. ऊन उतरलं म्हणून असेल असं वाटलं. मग खडकाची खालची कड काळीशार ओली दिसली. मघाशी ती कोरडी होती, पण मुलं पाणी उडवतायत, म्हणून ओली झाली असेल, असं मी मनाशी म्हटलं. तेवढ्यात थोरलीची चप्पल माझ्यासमोरून वाहत गेली. ती तिने खडकावर ठेवली होती. मी वर बघितलं तर पाच गोट्यांपैकी तीनच दिसत होते.

पलीकडच्या काठाला एक ठाकर बाई भांडी घासत होत्या. त्यांनी भांडी टोपल्यात भरलीसुद्धा होती. त्या उभ्या राहून ओरडल्या, "बाय, पानी सुटला! पोरां काढ, पोरां!" मी उठेपर्यंत त्याच पाण्यात उतरल्या. मला नदीतली वाट माहीत नव्हती, त्यांना होती. कुठल्या दगडावर पाय टाकायचा ते त्यांना न बघता कळत होतं. धाकट्याला त्यांनी काखेत मारलं, थोरलीचा हात धरला. भाच्याला मी अर्ध्यात जाऊन ओढलं तेव्हा पाणी माझ्या मांडीला लागलं होतं आणि उजवा पाय जागेवर ठरत नव्हता. काठावर आल्यावर मी मुलं मोजली. गाडीत डोकी मोजायची माझी रोजची सवय आहे, पण एक, दोन, तीन हे मी चार वेळा मोजलं. पाच-सात मिनिटांत तो खडक दिसेनासा झाला.

आभाळात ढग नव्हता. पाणी गढूळ झालं नाही, पालापाचोळा आला नाही, आवाजही फारसा बदलला नाही. पावसाळ्यातला लोंढा निदान रंग दाखवतो. हे पाणी शेवटपर्यंत नितळच होतं.

मुक्कामावरचा पोरगा चहाची किटली घेऊन आला, त्याला मी थरथरत विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, पाणी येतंच ना संध्याकाळी. रोजचंच आहे." अठरा-एकोणीस वर्षांचं लेकरू, त्याच्यावर काय रागावणार? त्याला वाटलं, आम्हाला माहीत असेल. त्याच्या मालकाला माहीत होतं, भांडी घासणाऱ्या बाईंना माहीत होतं, त्या गावातल्या म्हशींनासुद्धा माहीत असणार. बाराशे रुपये भरून लहान मुलं घेऊन आलेल्या आम्हालाच तेवढं कुणी सांगितलं नव्हतं. पाण्यात सोडायला ट्रकची एक ट्यूब वाळूवर होती. मुलांच्या मापाचं जीवरक्षक जाकीट एकही नव्हतं.

हे पाणी येतं कुठून, ते घरी आल्यावर मी समजून घेतलं. सह्याद्रीच्या माथ्यावर, लोणावळा-मुळशीच्या बाजूला धरणं आहेत. तिथलं पाणी मुळात पूर्वेला भीमा-कृष्णेकडे जाणारं. ते बोगद्यांतून, नळांतून घाटाखाली कोकणात सोडतात, जवळजवळ पाचशे मीटर खाली, आणि त्या जोरावर वीज तयार होते. खोपोलीचं वीजघर १९१५ सालचं, भिवपुरीचं १९२२ चं, भिऱ्याचं १९२७ चं. शंभर वर्षं ही वीज मुंबईच्या कामी येते आहे. वीज करून झाली की तेच पाणी नदीत सोडतात. खोपोलीचं पाताळगंगेत, भिवपुरीचं पेजेत, भिऱ्याचं कुंडलिकेत. म्हणून तर उन्हाळ्यात बाकीच्या नद्या आटल्या तरी या वाहत्या राहतात, काठाला भाजीपाला पिकतो आणि तंबूही लागतात. पाण्यावरची वीज काही मिनिटांत सुरू करता येते, म्हणून मागणी वाढली की ही यंत्रं चालवतात, आणि शहरात दिवे लागायच्या वेळेला मागणी वाढतेच. यात वीजघराची चूक आहे असं माझं म्हणणं नाही. त्यांनी पाणी सोडलंच पाहिजे. काठावर पोरं घेऊन बसलेल्याला ते कळलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

आणि ते कळवता येतं. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग चालतं ते याच पाण्यावर. पाणी कधी सुटणार ते बघूनच तिथे बोटी सोडतात, माणसांना आधी जाकीट आणि हेल्मेट चढवतात, मग नदीत उतरवतात. म्हणजे धंद्याला पाणी हवं असतं तेव्हा त्याची वेळ बरोबर ठाऊक असते. मग तंबूतल्या पाहुण्याला ती का सांगू नये?

पावसाळ्यातल्या पाण्याला मात्र वेळापत्रक नाही, हे मला कळतं. वर घाटात पाऊस कोसळत असतो, खाली ऊन असतं आणि ओढा अचानक फुगतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात हडपसरच्या एका कुटुंबातले पाच जण गेले, त्यात लहान मुलं होती. एकमेकांना घट्ट मिठी मारून प्रवाहाच्या मधोमध उभं असलेलं ते कुटुंब आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं. मी ते दुसऱ्यांदा बघू शकले नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये खारघरच्या पांडवकड्याजवळ कॉलेजच्या चार मुली वाहून गेल्या. आपल्या घरापासून रिक्षाने जाता येईल एवढ्या अंतरावरची ही जागा. मनाई आदेश काढणाऱ्या जिल्हाधिकाऱ्यांना मी दोष देणार नाही. पूर्वी कलम १४४ होतं, आता १६३ आहे, ते लागू करावंच लागतं. पण नाक्यावर पोलीस अडवतात तेव्हा गाडीतली माणसं घरी परतत नाहीत, हे मी माझ्या खिडकीतून बघते. ती पुढच्या वळणावर उतरतात आणि नाव-गाव नसलेल्या ओढ्यात शिरतात, जिथे ना पोलीस असतो, ना दोर. पाणी कसं वागतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. फक्त जाऊ नका, एवढंच सांगितलेलं असतं.

मोठ्या माणसाचा अंदाज लहान मुलाला लागू पडत नाही, हे मी त्या दिवशी शिकले. माझ्या गुडघ्याएवढं पाणी धाकट्याच्या कमरेला लागतं. त्याचं वजन पंधरा किलो. आंघोळीची बादली भरली की तीही तेवढीच भरते. वाहत्या नदीत अशा किती बादल्या एका दमात येऊन धडकतात, त्यापुढे एका बादलीएवढं पोर कसं टिकेल? माझे पाय सरकले तेव्हा मी अठ्ठावन्न किलोची होते.

म्हणून जिल्हा प्रशासनाला आणि तंबू-मुक्कामांना परवानगी देणाऱ्या ग्रामपंचायतींना माझी कळकळीची विनंती आहे. नदीकाठच्या प्रत्येक मुक्कामावर पाणी सुटायच्या वेळेची पाटी लावायची सक्ती करा. ती मुख्य रस्त्यावर किंवा ऑफिसच्या भिंतीवर नको, जिथे मुलं पाण्यात उतरतात तिथे हवी, आणि वाचता न येणाऱ्यालाही कळेल अशा चित्रासकट. खडकावर लाल रंगाने रेघ मारा की पाणी इथवर चढतं. पाणी सुटण्याआधी भोंगा वाजत असेल तर तो मुक्कामावर ऐकू येतो का, ते एकदा उभं राहून तपासा. आमच्या गाडीत घंटी ड्रायव्हरच्या कानाशी असते, कारण ती मागच्या सीटवर वाजून उपयोग नाही. मुलांच्या मापाची जाकिटं नसतील तिथे पाण्यातल्या मुलांच्या फोटोची जाहिरात करू देऊ नका. आणि त्या गावातल्या ठाकर-कातकरी बायाबापड्यांना, ज्यांना नदीचा दगड न् दगड माहीत आहे, पगार देऊन काठावर बसवा. शनिवार-रविवारचे दोन दिवस जरी बसवले तरी पुष्कळ.

फेब्रुवारीत सुट्टी काढून मी त्या बाईंना भेटायला गेले. साडी आणि मुलांना खाऊ नेला होता. माझ्या मुलांना ओढताना त्यांची दोन पातेली वाहून गेली होती. ते त्यांनी त्या दिवशी सांगितलंच नव्हतं, या भेटीत त्यांच्या सुनेने सांगितलं. मी नवी घेऊन देते म्हटलं तर म्हणाल्या, पुढच्या वेळी येशील तेव्हा आधी माझ्या घरी ये, पानी कवा सुटतं ते मी सांगन. आम्ही दिवाळीनंतर जाणार आहोत. पण प्रत्येक कुटुंबाला अशी ओळखीची बाई कुठून मिळणार?

संपादक महोदय, आपण पावसाळ्यात भरती-ओहोटीच्या वेळा छापता, धरणातला साठा किती टक्के झाला ते छापता. शनिवारच्या अंकात कोपऱ्यात चार ओळींची जागा द्या आणि या नद्यांमध्ये त्या दोन दिवशी पाणी कधी सुटणार, त्या वेळा संबंधितांकडून मागवून छापा. आमच्या डेपोत सकाळच्या पाळीला आपला पेपर येतो. मी तो तुकडा कापून गाडीत दाराशी चिकटवीन.

आपली विश्वासू,
एक एसटी वाहक, खारेगाव, कळवा (जि. ठाणे)