क्रूझरवाल्या मामांना, आमच्या फोटोंबद्दल

मामा, नमस्कार.

वडगावच्या आमच्या भिशीतल्या सगळ्याजणींच्या वतीने हे पत्र लिहिते आहे. उघडं लिहिण्याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं, अक्का" म्हणता आणि बोलणं टायरच्या किमतीवर नेता. शिवाय दोन दिवसांच्या सहलीत गाडी चालवता चालवता, फोटोसाठी सहज कसं उभं राहायचं हे तुम्ही आम्हाला शिकवलंत, ते फक्त आमच्यापुरतं ठेवणं बरं नव्हे. दर रविवारी बेळगावातून किती गाड्या गोकाकला, हलशीला, राजहंसगडाला जातात, आणि किती माणसं तिथून खांबासारखे ताठ फोटो घेऊन परततात!

हा ताठपणा येतो कुठून याचा मी पुष्कळ विचार केला. आयुष्यभर हायस्कुलात विज्ञान शिकवलं, त्यामुळे कारण शोधल्याशिवाय राहवत नाही. फोटोग्राफी नवी होती तेव्हा एक फोटो उमटायला कित्येक सेकंद, कधी मिनिटं लागत. माणूस हलला की चेहरा पुसट. म्हणून डोक्यामागे लोखंडी टेकू लावून बसवत. आमच्या तरुणपणी स्टुडिओतला कॅमेरा डोळ्याची पापणी लवायच्या आत फोटो घेत होता, तरी फोटोग्राफर मात्र "हलू नका" असंच म्हणायचा. आम्ही सगळ्याजणी त्या तालमीतल्या. मुलगी दाखवायचा फोटो काढायला नेलं की मागे रंगवलेला बंगला, शेजारी प्लास्टिकची फुलं ठेवलेली तिवई, एक हात तिच्यावर, मान थोडी डावीकडे, आणि दात दिसता कामा नयेत. त्या एका फोटोवर लग्न ठरायचं किंवा मोडायचं. मग पुढे जन्मभर कॅमेरा दिसला की पोटात गोळा येणार नाही तर काय होणार?

तुम्ही स्वतः तरुणपणी खडेबाजारातल्या एका स्टुडिओत लाइट धरायला होतात, हे आम्हाला परतीच्या वाटेवर कळलं. आधी कळलं असतं तर आम्ही आणखी ताठ झालो असतो, हेही खरं.

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीपासून, म्हणजे तिथल्या जुन्या जैन मंदिरापासून, सुरुवात झाली. ही बस्ती 1204 सालची, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या मंत्र्याने, बिचिराजाने बांधलेली. गुळगुळीत काळे खांब, आणि मंडपाच्या छतात दगडाचं ते कमळ. आम्ही सवयीप्रमाणे एका ओळीत, दाराकडे पाठ करून, हात दोन्ही बाजूंना सोडून उभ्या राहिलो. तुम्ही फोन हातात घेतलात, एकदा पाहिलंत आणि म्हणालात, "असं उभारलाय जणू हेडमास्तरांनी शिक्षा दिल्या. जरा सैल व्हा की."

सैल व्हा म्हटल्याने कुणी सैल होत नाही, हे तुम्हाला माहीत होतं. म्हणून तुम्ही पुढे उपदेश केला नाहीत, काम दिलंत. आम्हाला वळवून तोंडं दाराकडे केलीत, दारापासून चार पावलं आत. काळा दगड उजेड पिऊन टाकतो, दारातून येतो तेवढाच उजेड हाती असतो, आणि तो पाठीवर घेतला की चेहऱ्याच्या जागी काळोख दिसतो. फ्लॅश तुम्ही लावू दिला नाहीत, कारण खांब चकाकतात आणि माणसं पांढरीफटक दिसतात. मग म्हणालात, "आता वरचं कमळ बघा. खरं बघा, पाकळ्या मोजा." आम्ही खरंच मोजायला लागलो, दोघींचं तिथेच जुंपलं, आणि माना खाली येता येता तुम्ही फोटो काढलात. तो फोटो मी भिंतीवर लावला आहे. माझा फोटो मी होऊन भिंतीवर लावण्याचा हा पहिलाच प्रसंग.

हातांचं तर विचारूच नका. बाईमाणसाला कॅमेऱ्यासमोर आपले हात परके वाटतात. कुठे ठेवायचे? तुम्ही प्रत्येकीच्या हातात काहीतरी दिलंत. एकीला छत्री मिटायला सांगितली, एकीला पदर सारखा करायला, मला चष्मा पुसायला. हात कामाला लागले की खांदे आपोआप खाली येतात. पायांचंही तसंच. दोन्ही पायांवर सारखा भार दिला की माणूस पोलिसपरेडला आल्यासारखा दिसतो. भार एका पायावर टाकला, दुसरा गुडघा जरा मोकळा सोडला, अंग कॅमेऱ्याला किंचित तिरकं ठेवलं की झालं. गल्लीत भाजीवालीची वाट पाहत आपण अशाच उभ्या असतो. ते उभं राहणं आम्हाला येतच होतं, कॅमेऱ्यासमोर आठवत नव्हतं इतकंच.

गोकाकला पोचलो तेव्हा सूर्य माथ्यावर. घटप्रभा तिथे 52 मीटर खाली उडी घेते, आणि पावसाळा नुकताच सरलेला म्हणून पाणी तांबूस, भरलेलं. आमच्यातल्या धाकट्या दोघी थेट खडकाच्या टोकाकडे निघाल्या. तुम्ही ओरडला नाहीत. "तिथं मी फोटो काढणार न्हाई" एवढंच म्हणालात आणि फोन खिशात टाकलात. शेवाळलेल्या खडकावर पाय कसा जातो ते तुम्ही पाहिलेलं आहे, त्याबद्दल तुम्ही जास्त बोलला नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. फोटो काढताना तुम्ही स्वतः एक पाऊलही मागे सरकला नाहीत. चौकट बसेना तर आम्हाला पुढे-मागे केलंत. स्क्रीनकडे बघत उलट्या पावली चालणारा माणूस धबधब्याजवळ सगळ्यात धोक्यात असतो, हे मी आता भाच्याला, नातवंडांना, दिसेल त्याला सांगते.

भर दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, त्यात डोळे बारीक होतात, मग सगळ्याजणी कुणावर तरी रागावल्यासारख्या दिसतात. तुम्ही आम्हाला झाडाच्या सावलीच्या काठावर आणलंत, अगदी आत नव्हे. तोंड मोकळ्या आभाळाकडे. धबधबा मागे लांब, थोडा छोटा दिसला तरी चालेल म्हणालात, "धबधबा पोस्टकार्डावर मिळतोय, तुमी मिळणार न्हाई." फोनच्या भिंगावरचे तुषार शर्टाच्या टोकाने पुसत होतात. आम्ही सगळ्या मागच्या सहलीत ते न पुसता फोटो काढून सगळं धूसर करून आणलं होतं.

आणि मग तो गॅसचा प्रकार.

"स्माइल प्लीज" म्हटलं की आमचे ओठ ताणले जायचे आणि डोळे तसेच थंड. यामागे शास्त्र आहे. 1862 साली द्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिलं की खऱ्या हसण्यात ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आखडतो, आणि तो ठरवून हलवणं सोपं नसतं. वर्गात मी हे मुलांना सांगितलेलं आहे. पण ते वापरायचं कसं, हे तुमच्याकडून कळलं. फोन समोर धरून तुम्ही अगदी गंभीरपणे विचारलंत, "सगळ्यांनी गॅस बंद करून आलाय न्हवं?" क्षणभर सगळ्यांचे चेहरे पडले. एकीने तर शेजारणीला फोन लावायला पर्समध्ये हात घातला. आणि मग जे हसू फुटलं ते थांबेना. तुम्ही बोट दाबूनच धरलं होतंत, एकामागून एक फोटो निघत होते, त्यातले तीन-चार सोन्यासारखे. त्यात भर म्हणून कुणीतरी गोकाकचा करदंट, म्हणजे तिथली डिंक-सुकामेव्याची मिठाई, वाटला, तो एकीच्या दाताला चिकटला, ती तोंडावर हात ठेवून बाजूला वळली. तो फोटो तिच्या सुनेने मोठा करून घेतला आहे. चघळताना फोटो घेऊ नये असा तुमचा नियम आहे, तो तुम्हीच मोडलात.

गोडचिनमलकीच्या धबधब्याला फार थांबलो नाही. उजेड गेला होता.

दुसऱ्या दिवशीची हलशी मला जास्त आवडली. कदंब राजांची जुनी राजधानी, पण आज किती शांत गाव. भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत हे मला माहीत होतं, प्रत्यक्षात उभं राहिल्यावर ते नवलच वाटलं. आत फोन बाहेर काढण्याआधी तुम्ही पुजाऱ्यांना कन्नडमध्ये विचारलंत, त्यांनी गाभाऱ्याचा नको म्हटलं, तुम्ही बरं म्हणालात. बाहेर शेंगा विकणारी म्हातारी दिसली, आमच्यातली एक तिचा फोटो घ्यायला धावली, तेव्हाही तुम्ही आधी तिला विचारलंत. ती आधी लाजली, मग टोपली सारखी करून, डोक्यावरून पदर घेऊन बसली. तिला कुणी काही शिकवावं लागलं नाही! नैसर्गिक पोझ काय असते ते त्या दोन मिनिटांत कळलं.

तिथल्या पायऱ्यांवर तुम्ही आमचा गटाचा फोटो घेतलात. ओळ मोडलीत. दोघी खालच्या पायरीवर बसलेल्या, एक मध्येच उभी, दोघी एकमेकींकडे वळलेल्या, डोकी वरखाली. फोनचं भिंग रुंद असतं, चौकटीच्या कडेला उभं राहणारं माणूस ओढल्यासारखं जाड दिसतं. म्हणून दोन्ही कडांना जागा सोडायची आणि नंतर कापून टाकायची. "कडेला उभारून कुणी माझ्या नावानं ओरडू नका," असं म्हणत तुम्ही दहा पावलं मागे गेलात (तिथे मागे सपाट अंगण होतं, म्हणून गेलात) आणि तिथून झूम करून घेतलंत. जवळून घेतला की नाक मोठं येतं, तेही त्यातलंच. डोळे मिटणाऱ्या दोघींना म्हणालात, आधी मिटूनच ठेवा, तीन म्हटलं की उघडा. सगळ्यांचे डोळे उघडे असलेला आमच्या भिशीचा तो एकमेव फोटो आहे.

उभ्या माणसाचा पूर्ण फोटो घेताना तुम्ही दरवेळी उकिडवे बसत होतात. गुडघे दुखतात म्हणून आम्ही नको म्हणत होतो. पण फोन डोळ्यांच्या उंचीवर धरला की पाय आखूड येतात, छातीशी किंवा त्याहून खाली धरला की माणूस आहे तेवढं उंच दिसतं. राजहंसगडावर तर याचा फारच उपयोग झाला. 2023 मध्ये तिथे महाराजांचा मोठा पुतळा बसवला, तेव्हापासून जो तो पायथ्याशी जाऊन उभा राहतो. मग एकतर पुतळ्याचं मस्तक कापलं जातं किंवा माणूस मुंगीएवढा होतो. तुम्ही आम्हाला पुतळ्यापासून बरंच अलीकडे, तुमच्याजवळ आणलंत, आणि स्वतः जमिनीलगत बसलात. दोन्ही मावले. येळ्ळूरच्या शिवारावरून वारा सुटला होता, केस सावरता सावरता पुरेवाट झाली. "सावरू नका, वाऱ्याकडं तोंड करा," म्हणालात.

इथे एक मतभेद नोंदवते. माझी भाची म्हणते, कॅमेऱ्याकडे न बघता दरीकडे पाठमोरं उभं राहिलं की फोटो नैसर्गिक येतो. मला ते पटत नाही. दरीत काही बघायचं नसताना दरीकडे बघणं ही जुन्या स्टुडिओत फोटोपुरता कानाला लावायला देत त्या टेलिफोनच्या रिसीव्हरसारखीच गोष्ट. फक्त रिसीव्हर बदलला. तुम्ही आम्हाला चालायला सांगितलंत तेव्हा खरोखर कुठेतरी जायला सांगितलंत, बोलायला सांगितलंत तेव्हा बोलण्यासारखं काहीतरी काढून दिलंत. फरक तिथे आहे.

आणि फोटो बघून "ही मी नव्हेच" म्हणणाऱ्या आमच्या वैनींना तुम्ही जे सांगितलंत, त्याला 1977 सालच्या एका अमेरिकन प्रयोगाचा आधार आहे, हे तुम्हाला कळवायचं होतं. लोकांना त्यांचेच दोन फोटो दाखवले, एक सरळ आणि एक आरशातल्यासारखा उलटा. स्वतःला बहुतेकांनी उलटा पसंत केला, मित्रमैत्रिणींनी सरळ. आरशात रोज दिसतो तो चेहरा आपल्या सवयीचा, जगाला दिसतो तो दुसरा. तुम्ही म्हणाला होतात, "वैनी, ही तुमीच. आमाला रोज अशाच दिसताय." वैनींनी तो फोटो पुसला नाही, आणि व्हॉट्सअॅपच्या डीपीवर पंधरा वर्षांपूर्वीच्या गुलाबाच्या फुलाच्या जागी तो लावला आहे.

ठरल्यापेक्षा जास्त पैसे तुम्ही घेतले नाहीत. म्हणून या पत्रासोबत कुंद्याचा डबा आणि निवडक फोटोंचे प्रिंट पाठवते आहे. प्रिंट चांगल्या कागदावर काढले आहेत, तुमच्या गाडीत बसणाऱ्या पुढच्या लोकांना दाखवा, म्हणजे त्यांना सुरुवातीपासून सांगावं लागणार नाही. कुंदा घरी वहिनींना द्या, तुमची शुगर आम्हाला माहीत आहे.

दिवाळीनंतर जांबोटीमार्गे कणकुंबीला, मलप्रभेच्या उगमाकडे जायचं ठरतं आहे. बारा जणी आहोत. त्यातल्या दोघींना गाडी लागते, त्यांना पुढची सीट हवी. रविवार तुमचा मोकळा नसेल तर शनिवारही चालेल, पण ड्रायव्हर दुसरा पाठवू नका. तारीख कळवा.

आपली,
मागच्या सीटवरची, चष्मा पुसणारी अक्का
वडगाव, बेळगाव