मुलाखतीच्या खोलीतली जात : उच्च शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : प्राध्यापकी पेशातला जातीय पूर्वग्रह आणि पीएच.डी.च्या मुलाखती

महोदय,
सविनय नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते आणि संशोधक विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करते. जातीचा विषय निघाला की आपल्याकडे बोट जाते ते गावकुसाकडे, पाणवठ्याकडे. मी ज्यांच्याविषयी लिहिते आहे ती माणसे मात्र पीएच.डी. झालेली आहेत, पुस्तके लिहिणारी आहेत. ती माझे सहकारी आहेत, म्हणूनच हे पत्र लिहिणे मला भाग आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२च्या नियमावलीनुसार पीएच.डी. प्रवेश परीक्षेत लेखीला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार आहे. या ३० टक्क्यांचे काय होते, ते खोलीबाहेर कळत नाही. सुरुवात "गाव कोणतं?" इथून होते. आडनावावरून अंदाज आला नाही तर "गावात घर कुठल्या बाजूला?", "वडील काय करतात?" असे करत करत जात काढली जाते. मुसलमान मुलाचे नाव ऐकल्याबरोबर त्याला मराठीत लिहिता येते का, हे विचारले जाते. तो परभणीत मराठी शाळेतच शिकलेला असतो. पारधी, कैकाडी समाजातले कोणी आले तर कौतुकाचा सूर लागतो, पण विषयावर एकही नेमका प्रश्न येत नाही. आणि गेल्या दोन-तीन वर्षांत मराठा-ओबीसी तेढही या खोल्यांत शिरली आहे.

एका मुलाखत समितीत मी सदस्य होते. ऊसतोड कुटुंबातली, मातंग समाजातली एक मुलगी आली. तिचा विषय होता 'उचल', म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून मिळणारी आगाऊ रक्कम. ती एका कोयत्यावर, नवरा-बायकोच्या जोडीवर चढते आणि फिटली नाही तर पुढचा हंगामही बांधून टाकते. या व्यवहाराचा कर्ज-करार म्हणून अभ्यास करायचा, असा तिचा नेटका आराखडा होता. पहिला प्रश्न आला, "तुमच्या घरचेच जातात ना तोडीला?" ती हो म्हणाली. मग, "अहो, मग तुम्ही तटस्थ कशा राहणार?" त्याच दुपारी दुसऱ्या एका उमेदवाराने साखर कारखान्यांच्या गाळपक्षमतेवर विषय मांडला. त्याचे काका एका कारखान्याचे संचालक होते, हे समितीत सगळ्यांना ठाऊक होते. त्याच्या तटस्थतेबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मी तिथल्या तिथे हरकत घेतली. त्या हरकतीची कुठेही नोंद नाही, कारण इतिवृत्तात फक्त गुणांची बेरीज लिहिली जाते.

दलित विद्यार्थ्याने जातीवर काम करायचे म्हटले तर तो भावनिक ठरतो. चलनवाढीवर किंवा बँकांच्या थकीत कर्जांवर करायचे म्हटले तर त्याला प्रेमाने सुचवले जाते, "तुम्ही आपलं आंबेडकरांच्या विचारांवरच करा की." बाबासाहेबांनी १९२३ मध्ये लंडनमधून डी.एस्सी. मिळवली ती रुपयाच्या प्रश्नावर. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना हे मी सांगायला नको.

प्रवेश मिळाल्यावर सगळे गाईडच्या सहीवर येते. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते. फेलोशिपसाठी हजेरी आणि प्रगती अहवालावर सही लागते. ती लांबली की पैसे अडतात, खोलीभाडे थकते, मेसचे खाते बंद होते. गाईड बदलायचा तर आधीच्याच गाईडची ना-हरकत मागितली जाते. ज्याच्याविषयी तक्रार आहे, त्याच्याच दारात उभे राहायचे. स्टाफरूममध्ये या मुलांना "सरकारचे जावई" म्हणतात. हा शब्द मी नोकरीच्या पहिल्या वर्षी ऐकला आणि अजूनही ऐकते.

हे मराठवाड्यात घडावे, याचे दुःख जास्त आहे. निजामाच्या काळात पदवीसाठी इथल्या मुलांना हैदराबाद गाठावे लागे, म्हणून १९५० मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद. तिथे शिकलेले सुखदेव थोरात यूजीसीचे अध्यक्ष झाले आणि दिल्लीच्या एम्समधील जातिभेदाची चौकशी करणाऱ्या समितीचे प्रमुखही. २००७ चा तो अहवाल प्राध्यापकांच्या वागणुकीविषयी स्पष्ट बोलतो. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला २७ जुलै १९७८ ला. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधल्या काळात नामांतराला विरोध करणाऱ्यांच्या हिंसाचारात पोचीराम कांबळेंसारख्यांचे जीव गेले, वस्त्या जळाल्या. त्यांनी मागितलेले नाव कमानीवर आले. कमानीच्या आतले वागणे आजच्या शिक्षकांची जबाबदारी आहे, आणि शासनाचीही, कारण आमचे पगार शासन देते.

कायदा नाही असे नाही. यूजीसीच्या २०१२च्या नियमावलीत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी आहेत. माझ्या पाहण्यातल्या महाविद्यालयांत हा अधिकारी त्याच संस्थेचा नोकर असतो आणि त्याची फाइल उघडते ती महाविद्यालयाचे मूल्यांकन करणारी नॅकची समिती येणार म्हटल्यावर. विद्यार्थी तिकडे जात नाहीत, कारण तक्रार संध्याकाळपर्यंत गाईडच्या कानावर जाते. हैदराबादचा संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला २०१६ मध्ये गेला, आमच्याच महाराष्ट्रातली डॉ. पायल तडवी २०१९ मध्ये गेली. दोघांच्या आत्महत्यांमागे जातीय छळाचा आरोप झाला. यानंतरही तक्रारीची जागा संस्थेच्या आतच ठेवणे मला पटत नाही. ती सहसंचालक, उच्च शिक्षण यांच्या छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड इथल्या कार्यालयांत, बाहेरच्या सदस्यांसह असावी. प्राध्यापकांनाही तिथे दाद मागता यावी.

बीडच्या पोलिसांनी २०२५ मध्ये गणवेशावरच्या नावपट्टीतून आडनाव काढले. पोलिसांना हे सुचते तर मुलाखत समितीपुढची यादी फक्त क्रमांकांची का नसावी? नुसते आडनाव काढून भागणार नाही, हे मला कळते. सिद्धार्थ किंवा सलीम या नावातूनही सगळे समजते. म्हणून क्रमांक. जातीचे दाखले कार्यालयाने तपासावेत, समितीने फक्त आराखडा पाहावा. घर, गाव, आईवडिलांचे काम यांवर प्रश्न विचारायला लेखी मनाई हवी. मुलाखतीचे चित्रीकरण व्हावे, प्रत्येक तज्ज्ञाने गुणांपुढे दोन ओळी कारण लिहावे आणि उमेदवाराने मागितल्यास ते त्याला मिळावे. गाईड बदलायला आधीच्या गाईडची ना-हरकत लागू नये. सही पंधरा दिवसांत झाली नाही तर विभागप्रमुखाने करावी, आणि विभागप्रमुखच गाईड असेल तर अधिष्ठात्यांनी.

यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही. मराठवाड्यातल्या दोन्ही विद्यापीठांच्या, छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडच्या, पुढच्या पीएच.डी. मुलाखतींपूर्वी शासन निर्णय काढावा, ही विनंती. मसुदा करायला माझ्यासारखे शिक्षक मदत करतील. बोलवाल तेव्हा मुंबईला येऊ.

आपली,
एक सहयोगी प्राध्यापक, अर्थशास्त्र
बीड जिल्हा