साउंडवाल्याच्या हातातला मोबाईल

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात तुमच्या पानावर एका वाचकांनी लिहिलं होतं की गाण्याच्या कार्यक्रमात साउंडवाला पूर्ण वेळ मोबाईलमध्ये डोकं घालून होता आणि वर मधेमधे उठून फिरत पण होता. मी पण साउंड करतो, म्हणून राहवलं नाही. अहो तो रील बघत नसतो, अख्खा मिक्सर, म्हणजे सगळ्या माईकचे आवाज कमी-जास्त करायचं यंत्र, असतो त्या स्क्रीनवर. बेहरिंगर कंपनीचा एक्सआर१८ मिक्सर घ्या, त्या डब्यावर फेडर (आवाज वर-खाली करायची सरकती खुंटी) नावाची गोष्टच नाही, १६ माईक लागतात, ६ ऑक्स (मॉनिटर वगैरेसाठी वेगळे आउटपुट) आहेत आणि सगळं चालवायचं ते टॅब नाहीतर फोनमधल्या अ‍ॅपवरून.

आणि फिरतो कारण विंगेत बसून बाल्कनीत काय ऐकू येतंय ते कळत नाही. आधी मागच्या रांगेत जाऊन ऐकायचं, पेटी दबलीय, की पळत मिक्सरकडे, तोवर गवई द्रुतात पोचलेले. आता तिथेच उभं राहून पेटी जरा वर घेतो, डग्ग्याचा बेस कापतो. साउंडचेकला गायकाच्या शेजारी बसून त्यांचा मॉनिटर, म्हणजे त्यांना स्वतःला ऐकू येणारा स्पीकर, लावून देता येतो ते वेगळंच.

खरी डोकेदुखी वायफायची. आवाज केबलनेच जातो, वायफायवरून फक्त कंट्रोल, त्यामुळे कनेक्शन तुटलं तरी कार्यक्रम बंद पडत नाही पण सेटिंग आहे तिथेच अडकतं आणि माईक नेमका तेव्हाच शिट्टी मारायला लागतो. मिक्सरचं आतलं वायफाय २.४ गिगाहर्ट्झचं, रिकाम्या हॉलमध्ये झकास चालतं, मग खुर्च्या भरल्या, प्रत्येकाच्या खिशात फोन, की बोंबललं. म्हणून आम्ही ५ गिगाहर्ट्झचा वेगळा राउटर उंच स्टँडवर लावतो, पासवर्ड टाकतो, फोन फ्लाइट मोडवर ठेवून फक्त वायफाय चालू. एवढं करून एका दिवाळी पहाटला आयोजकांनी राउटर फोटोत येतो म्हणून उचलून एलईडी स्क्रीनच्या मागे ठेवला, कोणाला न सांगता! मी मैदानाच्या टोकाला, अ‍ॅप नुसतं गोल गोल फिरतंय, आणि निवेदिकेचा माईक कुईईई. शेवटी माझ्या हाताखालच्या पोराने स्टेजमागे केबलवर लावलेल्या लॅपटॉपवरून खाली घेतला.

स्क्रीनचा उजेड शेजारच्यांच्या डोळ्यात जातो ही त्या वाचकांची तक्रार मात्र रास्त आहे, ब्राइटनेस कमी ठेवायलाच पाहिजे.

बाकी माझं म्हणणं नाट्यगृहवाल्यांना आहे. रिनोव्हेशनला खुर्च्या, कार्पेट, झुंबरं सगळं होतं, तेव्हा फरशी उखडलेलीच असते तर स्टेजपासून मागच्या रांगेपर्यंत एक लॅन केबल (नेटवर्कची वायर) टाकून ठेवा ना, म्हणजे कंट्रोलला वायफायवर अवलंबून राहायला नको, १०० मीटरपर्यंत साधी केबल आरामात चालते, खर्च किरकोळ. आणि मागच्या दोन खुर्च्या साउंडसाठी सोडा, त्या तिकिटाला विकू नका.

आपला,
एक साउंडवाला, सातारा