पट्ट्यावरची जाळी कुठे होती?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात पान तीनवर आलेली, बोटीवरच्या फिरत्या पट्ट्यात खलाशाचा हात सापडल्याची बातमी वाचली आणि रात्री झोप लागली नाही. बातमीत म्हटलंय की 'त्याने हातमोजेही घातले नव्हते'. मथळा तर 'निष्काळजीपणा भोवला' असाच आहे. वार्ताहराला हे कोणी सांगितलं? खलाशी शुद्धीवर नव्हता, हे त्याच बातमीत खाली लिहिलेलं आहे.

मी ३४ वर्षं बोटींची इंजिनं खोलली आणि बांधली. फिरत्या पट्ट्याजवळ जाताना हातमोजे घालायचे नसतात, असतील तर काढून ठेवायचे असतात. उघडा हात निदान निसटायची शक्यता असते. कापडी मोजा पट्ट्यात सापडला की तो फाटत नाही, हाताला घेऊनच आत जातो. बोटीवरचा डिझेल जनरेटर साधारण मिनिटाला १५०० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला २५. हात मागे घ्यावा असं मनात येईपर्यंत पाच-सहा फेरे होऊन गेलेले असतात. खांद्यावरचा टॉवेल, लुंगीचं टोक, गळ्यातला काळा दोरा, सगळ्यांची गत तीच. आपली बातमी वाचून उद्या एखादा भला मालक आपल्या पोरांना हातमोजे वाटेल, याची मला भीती वाटते. म्हणून हे पत्र.

एक प्रसंग सांगतो. तो मी आजवर कुणाला लिहून कळवलेला नाही.

१९९८ च्या पावसाळ्यात बोट शाकारलेली (किनाऱ्यावर झाकून ठेवलेली) असताना मी एका ट्रॉलरचं इंजिन पूर्ण खोललं होतं. पुढच्या पुलीवर पाणी उपसायच्या पंपाचा आणि डायनामोचा पट्टा चालतो, त्यावर हात जाऊ नये म्हणून लोखंडी जाळी असते. तिचे दोन बोल्ट गंजून गेले होते, ते मी छिन्नीने तोडले. नवीन पट्टी वेल्डिंग करून घ्यायला हवी, असं मालकाला सांगितलं. तो म्हणाला, पहिली फेरी होऊन जाऊ दे, मग करू. मी बरं म्हटलं. ती लोखंडी जाळी केबिनमागे मासेमारीच्या जुन्या जाळ्यांच्या ढिगाखाली गेली.

त्या पहिल्या फेरीच्या तिसऱ्या दिवशी समुद्रात पट्टा घसरून किंचाळायला लागला. अशा वेळी इंजिन बंद करून पट्टा ताणायचा असतो. पण वर जाळं ओढायचं चाललं होतं, इंजिन कोण बंद करणार? एकोणीस वर्षांचा पोरगा साबणाची वडी घेऊन खाली उतरला. चालत्या पट्ट्याला साबण लावायची सवय सगळ्यांनाच होती, मलाही. त्याच्या हातात सुती मोजे होते, मासळी निवडताना घालतात तसे. बंदर सात तासांवर होतं. उजव्या हाताची चारही बोटं गेली. आता तो जेटीजवळ चहा विकतो. ग्लास अंगठा आणि तळव्यात दाबून पुढे करतो, आणि मला पैसे घेत नाही. तो चहा माझ्या घशाखाली उतरत नाही.

त्या वेळीही सगळ्यांनी पोराचाच हलगर्जीपणा म्हटलं होतं. मीसुद्धा गप्प बसलो. दोन बोल्ट मी तोडले होते, आणि जाळी बसवल्याशिवाय इंजिन सुरू करून देणार नाही असं म्हणायची ताकद माझ्यात नव्हती. म्हणून कालचा मथळा मला सहन झाला नाही.

कारखान्यातल्या फिरत्या यंत्रांना कुंपण हवं, हे १९४८ च्या कारखाने कायद्यातच लिहिलं होतं, कलम २१. चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्याने घट्ट बसणारे कपडे घालावेत, हे त्याच्या पुढच्याच कलमात होतं. बोटीच्या पोटातली पुलीही तशीच फिरते. बंदरात तपासणीला आलेली माणसं लाइफ जॅकेट मोजताना मी कितीतरी वेळा पाहिली. खाली उतरून पट्ट्यावर, शाफ्टवर जाळी आहे का, हे बघणारा मला एकही भेटला नाही.

आपल्या वार्ताहराने मालकाला दोनच प्रश्न विचारायला हवे होते. जाळी कुठे होती? आणि इंजिन चालू का होतं? बऱ्याच बोटींवर स्टार्टर वर केबिनमध्ये असतो. खाली कोणाचा हात कुठे आहे, ते तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, दिसत नाही. म्हणून खाली उतरणाऱ्याने आधी बॅटरीची वायर काढायची आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवायची. हे खलाशाला त्याला समजेल त्या भाषेत कोणीतरी शिकवलेलं असायला हवं. आपल्याकडच्या बोटींवर नेपाळहून आलेली पोरं आहेत. त्यांना पहिल्या दिवशी जाळं ओढायला शिकवतात, इंजिनाबद्दल नुसतं ओरडतात.

आणखी एक. त्याच पानावर नव्या हंगामाचा मोठा फोटो आहे. त्यात पेट्रोलवर चालणारा छोटा जनरेटर केबिनच्या दाराला टेकवून ठेवलाय, धुराचं तोंड आतल्या बाजूला. खाली ओळ आहे, 'मच्छीमार सज्ज'. त्या केबिनमध्ये रात्री माणसं झोपतात. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, झोपलेल्याला जागही येत नाही. फोटो छापण्याआधी एखाद्या मिस्त्रीला दाखवला असता तर त्याने तिथेच बोट ठेवलं असतं.

१ ऑगस्टला सुटलेल्या बोटी आता पहिल्या फेरीहून परत येताहेत. जेटीवर आपला अंक येतो आणि हातोहात वाचला जातो. फिरत्या पट्ट्याजवळ हातमोजे घालू नयेत, एवढी दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत या आठवड्यातच छापावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त इंजिन मिस्त्री,
मिरकरवाडा, रत्नागिरी