चाकू घेताना आधी बिजागरी बघा, मग पोलाद

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत महागड्या फोल्डिंग चाकूंवर लेख आला तो मी दोनदा वाचला आणि विषय घेतलात त्याबद्दल आधी मनापासून आभार, कारण आपल्याकडे पेपरात चाकू दिसतो तो फक्त गुन्ह्याच्या बातमीत. पण दोन गोष्टी खटकल्या म्हणून लिहितोय. एक तर लेखात सगळी निवड पोलादाच्या नावावर नि किमतीवर नेऊन ठेवलीय. आणि दुसरं म्हणजे तो फोटो, ज्यात एक मुलगा मनगटाला झटका देऊन चाकू उघडतोय. आमच्या शेजारचा सातवीतला मुलगा पेपर घेऊन आला आणि म्हणाला, काका, हा असाच उघडायचा असतो का? मला फार वाईट वाटलं.

मी चिंचवडला एका कारखान्यात टूलरूमला ३१ वर्षं काढली, डाय फिटिंग आणि ग्राइंडिंग, त्यामुळे दोन भाग एकमेकात कसे बसलेत हे बघायची हाताला सवय आहे. खिशात चाकू तेव्हापासून आहे. पहिला मिळाला तो ओपिनेल नंबर ८, मशीन बसवायला आलेल्या एका फ्रेंच इंजिनियरने जाताना दिला होता. लाकडी मूठ, साडेआठ सेंटीमीटरचं पातं, आणि मानेशी एक फिरती रिंग, जी फिरवली की पातं मिटत नाही. ओपिनेल चाकू १८९० पासून बनतोय आणि ती रिंग आली १९५५ मध्ये, म्हणजे आधीची ६५ वर्षं लोकांनी रिंगशिवायच वापरला. तो काही महागड्यात मोडत नाही, पण माझं चाकूचं सगळं शिक्षण त्याच्यावर झालं.

पावसाळ्यात कोकणात गावी गेलो की त्याची मूठ फुगायची आणि पातं आत इतकं घट्ट बसायचं की नख मोडलं तरी निघायचं नाही. मग कळलं की फ्रान्समध्ये डोंगराकडचे लोक यावर एक युक्ती करतात, मुठीचं मागचं टोक टेबलावर टकटक आपटायचं, पातं आपोआप थोडं बाहेर येतं आणि चिमटीत धरून उघडता येतं. ओटीवरच्या लाकडी खांबावर मी ते पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो.

आता मुद्द्याचं. फोल्डिंग चाकू म्हणजे फोल्डिंगची विळीच, फक्त खिशात मावणारी. घरातल्या विळीचा स्क्रू ढिला झाला की पातं डुलायला लागतं आणि नारळ खवताना जीव वरखाली होतो, हे प्रत्येक घरात माहीत आहे. चाकूचं तेच आहे, वर इथे पातं मिटतं ते सरळ आपल्या बोटांवर. म्हणून चाकू हातात आला की पोलाद कुठलं हे विचारायच्या आधी बिजागरी बघा. सावकाश पूर्ण उघडा, मूठ डाव्या हातात घट्ट धरा, उजव्या हाताच्या चिमटीत पात्याची पाठ पकडा, धारेकडे बोट न्यायचं नाही, आणि डावीउजवीकडे हलवून बघा, मग वरखाली. बाजूला जरासं हलत असेल तर बरेचदा स्क्रू आवळून जातं. पण वरखाली हलत असेल तर तो उघडलेलं पातं अडवून धरणाऱ्या लॉकचा दोष, तो चाकू परत ठेवा, दुकानदार काहीही सांगो. मग मिटवून वरून बघा, पातं मुठीच्या दोन्ही पट्ट्यांच्या बरोबर मध्ये बसलंय की एका बाजूला घासतंय. आणि मिटलेला चाकू टोकाच्या बाजूने खाली धरून हळूच हलवा, स्वतःहून उघडता कामा नये, कारण तो तुमच्या खिशात असणार आहे.

माझ्याकडे आता जो चांगला चाकू आहे तो सेबेंझा, पुतण्याने अमेरिकेतून आणलेला. ख्रिस रीव्ह नावाचे दक्षिण आफ्रिकेचे कारागीर अमेरिकेत आयडाहो राज्यात बोइसीला गेले आणि १९९० च्या सुमारास त्यांनी हा काढला, झुलू भाषेत सेबेंझा म्हणजे काम. याला वेगळं कुलूप असं नाहीच. मूठ टायटॅनियमच्या दोन पट्ट्यांची, त्यातल्या एका पट्टीलाच चीर देऊन एक जीभ काढलीय, पातं उघडलं की ती आत सरकते आणि पात्याच्या बुडाला टेकून बसते. गंमत बघा, आपण मूठ जितकी घट्ट आवळतो तितकी ती जीभ आणखी आत दाबली जाते, म्हणजे हाताची पकडच लॉकला धरून ठेवते. याला फ्रेम लॉक म्हणतात, आणि आज कितीतरी कंपन्या तसंच करतात. पुतण्याने दिला त्या रात्री मी तो पूर्ण उघडून टेबलावर मांडला, सोबत त्याची किल्ली येतेच, वॉशर, पिन, पातं सगळं वेगळं केलं आणि परत जोडलं तेव्हा पातं पहिल्यासारखं मध्ये आणि काहीही न डुलता बसलं. हे काम मी आयुष्यभर केलंय म्हणून सांगतो, असं बसवायला काय लागतं ते मला माहीत आहे. चारशे डॉलरच्या वर पैसे जातात ते या बसण्याचे.

घेताना ती जीभ कुठवर येते ते बघा. नवीन चाकूत पात्याच्या बुडाच्या जाडीच्या पाव ते निम्म्या भागावर ती टेकलेली असावी. नुसती कडेला टेकत असेल तर सुटण्याची भीती, आणि पार पलीकडच्या पट्टीला जाऊन चिकटली असेल तर झिजायला जागाच राहिली नाही.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. सेबेंझाच्या आधी मी एका वेबसाइटवरून २२०० रुपयांचा, टायटॅनियम लिहिलेला, मोठ्या कंपनीचं नाव कोरलेला चाकू मागवला होता. दिसायला हुबेहूब. चौथ्या दिवशी पॅकिंगची नायलॉनची पट्टी कापताना लॉक सुटला आणि पातं तर्जनीवर मिटलं, चार टाके पडले. बरं झाल्यावर चाकू नीट बघितला तर मुठीला चुंबक चिकटलं. टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही हो! आणि पोलादापेक्षा ते खूपच हलकं, साधारण साठ टक्केच वजन भरतं, हातात घेतल्यावर तिथेच कळायला हवं होतं पण माझं लक्ष नावाकडे होतं. ग्राइंडरला लावला तर ठिणगी पिवळी पडली, टायटॅनियमची ठिणगी पांढरीशुभ्र असते. तेव्हापासून कोणी महागडा चाकू ओळखीपाळखी नसलेल्या ठिकाणाहून स्वस्तात मिळतोय म्हटलं की मी आधी चुंबक घेऊन जातो.

पोलादाचं महत्त्व नाही असं म्हणत नाहीये मी. तुमच्या लेखात मॅग्नाकटचं नाव होतं, ते खरंच चांगलं पोलाद आहे, २०२१ मध्ये आलं, लॅरिन थॉमस या धातुतज्ज्ञाने त्याचं गणित बसवलं. त्यात गंज रोखणारं क्रोमियम १०.७ टक्केच आहे तरी गंज धरत नाही, कारण क्रोमियम कार्बनबरोबर खडे करून अडकून न पडता पोलादात विरघळलेलं राहतं. पण किती चांगलं पोलाद असलं तरी त्याला पाणी कसं दिलंय, म्हणजे भट्टीत तापवून कसं थंड केलंय, यावर सगळं आहे. टूलरूममध्ये एकाच बारमधून कापलेले दोन पंच, म्हणजे पत्र्याला भोक पाडायची हत्यारं, एक महिनाभर चालायचा आणि एक दुपारपर्यंत उडायचा, फरक फक्त भट्टीचा. म्हणून नाव वाचून घेऊ नका, हार्डनेस म्हणजे कडकपणा विचारा, रॉकवेलच्या मापात किती आणि कंपनी तो लिहून देते का. आणि स्वतःचं काम बघा. रोज एक सफरचंद, एखादं पार्सल, सुतळी, यासाठी ओपिनेलचं साधं कार्बन पोलादही भरपूर आहे, पातळ असल्यामुळे फळात तर ते महागड्यापेक्षा छान चालतं. फक्त लिंबू किंवा कैरी चिरली की लगेच पुसावं लागतं, नाहीतर काळं पडतं. समुद्राजवळ राहणाऱ्याने मात्र गंज न धरणारंच घ्यावं.

धारेबद्दल तर विशेष लिहितो कारण यात लोक फार नुकसान करून घेतात. आमच्याच सोसायटीत एकांनी मुलाने पाठवलेला हजारोंचा चाकू सायकलवरच्या धारवाल्याला दिला. धारवाल्याचा काही दोष नाही, विळी कोयता तो उत्तमच लावतो आणि आम्हीही त्याच्याकडेच लावतो. पण कोरड्या चाकावर पातळ धार दाबली की क्षणात तापते, आणि ते पातं घरी आलं तेव्हा टोकाशी निळा पट्टा होता. पोलाद निळं पडलं म्हणजे तीनशे डिग्रीच्या आसपास गेलं, त्या ठिकाणचं पाणी उतरलं असं समजा. नुसती निळाई घासून जाते पण गेलेलं पाणी परत येत नाही. अशा चाकूला हातानेच धार लावायची, डायमंडची प्लेट घ्या कारण या नव्या पोलादातले व्हॅनेडियम कार्बाइडचे कण साध्या निसण्यापेक्षा कडक असतात, एका बाजूला साधारण वीस डिग्री धरा, घाई नको, रविवारी चहा झाल्यावर अर्धा तास. बिजागरीत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, खोबरेल नको, ते चिकट होतं.

आता तो झटका. मनगटाने फेकून उघडला की पातं वेगाने जाऊन छोट्याशा पिनवर आदळतं आणि लॉकची जीभ धाडकन आत बसते, दहा वेळा काही होत नाही, हजार वेळात बिजागरी डुलायला लागते. आणि हात ओला असला तर चाकूच हातातून सुटतो. नुसत्या स्प्रिंगवर उघडे राहणाऱ्या फ्रेंच चाकूंचं मिटवतानाही तसंच, लायोल गावाच्या नावाने जे मधमाशीवाले चाकू मिळतात त्यातल्या बऱ्याच चाकूंचं पातं मिटवताना सोडून दिलं तर धार आतल्या स्प्रिंगवर आपटते आणि तिथे खाच पडते, त्यामुळे तो हाताने धरून हळूच मिटवायचा असतो. लायोल हे नाव लिहिलं म्हणजे त्या गावातच बनला असं मात्र नाही, चीन-पाकिस्तानात बनलेलेही त्याच नावाने विकले गेलेत, तेही बघून घ्या.

आणि एक, कायद्याबद्दल लेखात काहीच नव्हतं. आपल्या शस्त्र कायद्याच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचं नाव येतं, घरगुती नि शेतीची अवजारं वगळून, त्यामुळे तीन इंचांचा खिशातला चाकू त्यात बसत नाही. पण सण, मिरवणुका, निवडणुका असल्या की महाराष्ट्रात पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदी-शस्त्रबंदीचे आदेश निघतात आणि त्यात चाकूही येतो, त्या दिवसांत चाकू घरीच ठेवा. गर्दीच्या ठिकाणी, देवळात, कोर्टात तर कधीच नको. विमानाला चेक-इनच्या बॅगेत. ज्यांची मुलं लंडनला आहेत त्यांनी मुद्दाम लक्षात ठेवा, तिकडे कारणाशिवाय जवळ ठेवायला चालतो तो तीन इंचांपर्यंतचा आणि लॉक नसलेला फोल्डिंग चाकू. म्हणजे माझा सेबेंझा काय, ओपिनेल नंबर ८ सुद्धा तिथे नुसता खिशात ठेवता येणार नाही. भेट म्हणून पाठवताना हे कोणाच्या डोक्यात येत नाही.

त्या सातवीतल्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी बोलावलं, आईला विचारून. ओपिनेल दिला, दोन हातांनी उघडायला लावला, रिंग फिरवायला लावली, आणि पेरू चिरायला दिला, पाटावर ठेवून, धार स्वतःपासून लांब. आमची आजी विळी-सुरी कधी कोणाच्या हातात द्यायची नाही, खाली ठेवायची आणि म्हणायची आता उचल. मी त्याला तेच सांगितलं. पेरू खाऊन झाल्यावर त्याने पातं पुसलं, रिंग उलटी फिरवली, बोटं बाजूला घेऊन सावकाश मिटवला आणि माझ्या हातात न देता टेबलावर ठेवला. पुढच्या वेळी या विषयावर फोटो छापायचा असेल तर असा छापा, संपादक साहेब.

आपला,
एक निवृत्त टूलरूम फिटर, चिंचवड