मरीच्या पाण्यावरून

अ‍ॅडलेड,
ऑस्ट्रेलिया,
16 जानेवारी

ती. बाबा व ती. सौ. आईस,
शि. सा. न.

फोनवर बाबांना निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं आई आपल्या मनाने सांगते, म्हणून सगळं कागदावर लिहून काढतोय. काल रात्री नदीवरून परतलो. सगळे खुशाल आहोत, फक्त उन्हाने नाकं सोलली आहेत.

आई, नदीचं नाव ऐकून तू म्हणाली होतीस, "मरीआईच्या पाण्यात पोरांना कशाला नेता?" नकाशात ती मरे आहे, इथले लोक बोलताना मरी म्हणतात. विलायतेतल्या कुण्या साहेबाचं नाव आहे ते, देवीचा काही संबंध नाही. तरी तुझ्या सुनेने पहिल्या दिवशी चिमूटभर हळदकुंकू पाण्यात सोडलंच.

रेनमार्क या गावाहून चार दिवसांसाठी हाउसबोट भाड्याने घेतली. तराफ्यावर दोन खोल्यांचा ब्लॉक उचलून ठेवावा तशी दिसते. ती चालवायला गाडीचं लायसन पुरतं. मालकाने अर्धा तास शिकवलं आणि चावी हातात दिली. ब्रेक नसतो, हे त्याने शेवटी सांगितलं! दिवस मावळायच्या आत काठाला लावायची, पिण्याचं पाणी आपलं आपण न्यायचं, आणि गळाला कार्प मासा लागला तर तो जिवंत परत सोडायचा नाही. हा मासा बाहेरून आणलेला, त्याने नदीची वाट लावली, म्हणून कायदाच तसा आहे. थोरल्याच्या गळाला दुसऱ्याच दिवशी हातभर कार्प लागला. पोराचं तोंड एवढंसं झालं. आपल्या घरात मासा मारायचा कुणी, हा प्रश्न शेवटी शेजारच्या बोटीवरच्या आजोबांनी सोडवला. रात्री तो जेवला नाही.

बाबा, आता खास तुमच्यासाठी. रेनमार्क समुद्रापासून नदीच्या वाटेने 567 किलोमीटर आहे आणि तिथल्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून फक्त 16 मीटर. उतार काढून बघा! पाणी वाहतंय की उभं आहे, हे पान टाकल्याशिवाय कळत नाही. तेही बंधारे घालून तोलून धरलेलं. 1914च्या दुष्काळात या नदीची नुसती डबकी उरली होती, त्यानंतर ही बंधाऱ्यांची रांग झाली. प्रत्येक बंधाऱ्याला बगलेत लॉक असतं, म्हणजे बोटी वरखाली करायचा दरवाजांचा हौद. आम्ही 5 नंबरच्या लॉकमधून खाली उतरलो. 1927चं काम आहे, म्हणजे आपल्या सांगलीच्या आयर्विन पुलापेक्षा दोन वर्षांनी थोरलं. बोट हौदात घ्यायची, मागचा दरवाजा लागतो, तळातून पाणी सोडतात आणि बोटीसकट आपण तीन मीटर खाली जातो. पंप नाही, आवाज नाही, पैसेही नाहीत. भिंत वर वर जाताना धाकटी म्हणाली, "आपण विहिरीत चाललोय का?"

लॉकवाल्याशी बोलत बसलो. पूर आला की बंधाऱ्याचे अडसर काढून ठेवतात, नदी मोकळी करतात. म्हटलं, हे तर आमच्या म्हैसाळच्या बंधाऱ्याचे बरगे! त्याला "कोल्हापूर पद्धतीचा बंधारा" हातवारे करून समजावला. बरगे वेळेत निघाले नाहीत तर काय होतं, हे त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

काठाने द्राक्षं आणि संत्री. 1887पासून कालव्यावर, पंपावर शेती आहे. बेदाण्याची शेड दिसली तेव्हा मला एकदम तासगाव आठवलं.

उन्हाचं विचारू नका. संक्रांतीच्या दिवशी पारा 42वर होता. सूनबाई हट्टाने काळी साडी नेसली, फोटोपुरती दहा मिनिटं, आणि तशीच नदीत उतरली. गूळपोळीतला गूळ आपोआप पातळ झाला, वेगळं तूप लागलं नाही. आपल्यासारखा घाम येत नाही इथे. उत्तरेकडून वारा येतो तो भट्टीचं दार उघडल्यासारखा, ओठ तडकतात, कठड्याला हात लावला तर चटका. त्यात माश्या. दुपारभर आम्ही म्हशींसारखे पाण्यात बसून होतो. पाणी गढूळ, गुडघ्याखालचा पाय दिसत नाही. पोरांच्या अंगात लाइफ जॅकेट. तुम्ही मला पाठीला भोपळा बांधून घाटावरून ढकललं होतं, ते त्यांना सांगितलं. धाकटीला वाटलं मी बाता मारतोय. पुढच्या फोनवर तुम्हीच सांगा तिला.

एक चूक माझी. त्या उन्हात काठावर एक भलामोठा रेड गम, म्हणजे इथली निलगिरी, दिसला आणि मी बोट त्याच्या खाली लावली. आपल्याला सावली दिसली की पाय वळतातच. मालकाने नेमकं हेच करू नका म्हणून बजावलं होतं. हे झाड कडक उन्हात, वारा नसताना, अख्खी फांदी टाकून देतं. सूनबाईने आठवण केली, मी "एवढं काही नसतं" म्हणालो, ती काही बोलली नाही आणि दोर सोडायला लागली. मग उघड्यावर, विलोच्या झुडपांजवळ बांधली. रात्री पलीकडच्या काठावर कुठेतरी बंदुकीसारखा कडाका झाला, मागून पाण्याचा धप्प आवाज. ती जागी होती. तेव्हाही काही बोलली नाही.

आता मुद्द्याचं. एका धक्क्याजवळ खांबावर पुराच्या खुणा आहेत. सगळ्यात वर 1956, तिच्याखाली 2022. त्या डिसेंबरात इथे दिवसाला 185 अब्ज लिटरच्या आसपास पाणी आलं. मी मोबाइलवर हिशेब केला, साधारण 75 हजार क्युसेक. तुम्ही हसाल, कोयनेतून एका रात्रीत याहून जास्त सोडलेलं तुम्ही पाहिलंय. पण उतारच नसल्याने हे पाणी कित्येक आठवडे सरकत आलं आणि तितकंच सावकाश गेलं. लोकांना बांध घालायला वेळ मिळाला, तरी काठावरची कितीतरी घरं गेली. आपल्याला 2019च्या पुरात एक रात्र मिळाली होती.

थोरला त्या खांबाला पाठ लावून उभा राहिला. खुणा त्याच्या डोक्याच्या कितीतरी वर. मग त्याने विचारलं, "आपल्या सांगलीच्या घरात किती आलं होतं?" मला फूट-इंचात सांगता येईना. माळ्यावर चढून बसलेली आई तेवढी आठवते.

बाबा, माजघरात कपाटामागे तुम्ही पेन्सिलीने ओढलेली रेघ अजून आहे ना? आई म्हणाली, पाडव्याच्या आधी रंगारी येणार आहे. त्याच्या आत फरशीपासून रेघेपर्यंत टेप लावा आणि आकडा कळवा. थोरल्याने वहीत जागा सोडून ठेवली आहे.

तुमचा,
बाळू