आधी बाथरूम, मग बॅग

नागपूर,
होळीनंतरचा सोमवार

प्रिय माई,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. एप्रिलमध्ये रत्नागिरी सोडून लेकाकडे इथे नागपुरात मनीषनगरला येतेस, आणि विचारतेस की बॅगेत काय काय भरू. कपड्यांचं शेवटी सांगते. आधी लेकाला फोन कर आणि बाथरूमकडे बघायला सांग. हसू नकोस, पूर्ण वाच.

आपल्या वयाच्या बाया इथल्या उन्हाळ्यात आजारी पडतात त्या घरात बसूनच. रात्री उठावं लागू नये म्हणून दुपारपासूनच पाण्याला हात लावत नाहीत. वयानं तहान तशीही कमी कळते, त्यात बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवतात. पहाटे कधीतरी उठावंच लागतं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि ओल्या फरशीवर पाय जातो. खुबा मोडला की घरचे म्हणतात, पाय घसरला. पाय घसरला खरा, पण सुरुवात आदल्या दुपारी न प्यालेल्या पाण्यापासून झालेली असते. पाणी कमी पडलं की लघवीला संसर्गही लवकर होतो, आणि म्हातारपणी त्यात जळजळ होईलच असं नाही. माणूस एकाएकी असंबद्ध बोलायला लागतं, घरच्यांना वाटतं वय झालं.

म्हणून बाथरूम आधी. तिथे जायची भीती गेली की पाणी आपोआप पोटात जातं.

दोन दांड्या बसवून घे, एक कमोडच्या बाजूला आणि एक अंघोळीला उभी राहतेस तिथे. स्टेनलेस स्टीलची, सव्वा ते दीड इंच जाडीची असावी, म्हणजे मूठ पूर्ण आवळता येते. दांडी भिंतीत भोक पाडून बोल्टनं पक्की करायची. व्हॅक्यूमनं चिकटणारी दांडी घेऊ नकोस, ती टाइलवरून नेमकी भार पडल्यावर सुटते. टॉवेल टांगायच्या दांडीला धरून उठायची सवय तर मोडच. तिचे स्क्रू टॉवेल पेलण्यापुरतेच असतात. मिस्त्री गेला की लेकाला दांडीवर सगळं वजन टाकून लोंबायला सांग. हलली तर पुन्हा बसवायची.

कमोड ठेंगणा असेल तर वरून बसवायची चार इंची उंच सीट मिळते. गुडघ्याचं दुखणं असलेल्यांना त्या चार इंचांनी फार फरक पडतो. बाथरूमचं दार आत उघडणारं असेल तर पडलेलं माणूस दारालाच अडतं आणि बाहेरच्यांना ढकलताही येत नाही, तेव्हा ते बाहेर उघडणारं करून घे. तेवढं जमत नसेल तर आतली कडी काढून टाक. दाराबाहेर कापडी पायपुसणं नको, खालून रबर असलेलं घे. अंघोळ पायांना रबरी बूट असलेल्या खुर्चीवर बसून कर आणि उठायच्या आधी तळपाय पूस.

पलंगापासून बाथरूमपर्यंत किती पावलं आहेत ते पहिल्याच दिवशी मोज. त्या वाटेवर नातवाची सायकल, चार्जरची वायर, गालिच्याचं टोक, काही नको. प्लगमध्ये बसणारा छोटा दिवा रात्रभर जळू दे. आणि झोपेतून उठलीस की ताडकन उभी राहू नकोस. काठावर बसून पावलं दहा वेळा खालीवर कर, मिनिटभर थांब, मग उठ.

आता पाणी. तुमच्याकडे घाम चिकटतो, जीव हैराण होतो, म्हणून पाणी आठवतं. इथली हवा इतकी कोरडी की घाम येतो आणि दिसायच्या आत सुकतो. संध्याकाळी ब्लाऊजच्या पाठीवर पांढरी रेघ दिसेल ना, ते तुझं दिवसभरातलं मीठ. एक लिटरची बाटली घे. सकाळी अकरापर्यंत एक, चारपर्यंत दुसरी, आणि सातनंतर घोटघोटच. हृदयाच्या किंवा किडनीच्या डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितलं असेल तर मात्र त्यांचंच ऐक. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर पुरतं आहे, कोऱ्या चहासारखा दिसला तर नाही.

पन्ह्याचं माप लिहून ठेव. दोन मोठ्या कैऱ्या सालीसकट कुकरला तीन शिट्ट्या. गर वाटीभर निघतो, त्याला दीड वाटी गूळ, चमचाभर मीठ, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड. फ्रिजमध्ये ठेवायचं आणि ग्लासभर गार पाण्यात दोन डाव घालायचे. शुगर असेल तर गूळ वगळून पुदिना वाट. ओआरएसची पुडी जुलाब झाले किंवा फार घाम गेला तरच. बीपीच्या माणसानं ती सरबतासारखी रोज पिऊ नये, त्यात मीठ असतं. (आणि हो, सुनेनं बाजारातून सांबार आण म्हटलं तर इडलीबरोबरचं शोधत बसू नकोस. इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.)

बीपीच्या गोळीचं नीट वाच. उन्हाळ्यात रक्तवाहिन्या सैलावतात, पाणी कमी होतं, त्यामुळे तुला जानेवारीत मानवलेली गोळी इथे मे महिन्यात जास्त होऊ शकते. आपल्या मनानं बंद करू नकोस, आकडे लिही. निघण्याआधी आठवडाभर आणि इथे आल्यावर आठवडाभर, सकाळ-संध्याकाळ. मोजण्याआधी अर्धा तास चहा नको. लघवीला जाऊन ये, पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बस. पट्टा उघड्या दंडावर बांध, बाहीवर नाही, आणि हात छातीच्या उंचीला टेबलावर ठेव. मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोज. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा उगीच जास्त येतो. मग उभी राहून एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोज. वरचा आकडा बसलेल्यापेक्षा 20 नं किंवा त्याहून जास्त खाली आला तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. नुसतं चक्कर येते म्हणून सांगितलं तर लोहाच्या गोळ्या मिळतात.

कूलरशिवाय इथे निभाव नाही. 2013 च्या मे महिन्यात 23 तारखेला पारा 47.9 वर गेला होता, आणि 25 मेच्या सुमारास नवतपा लागतो ते नऊ दिवस वेगळेच. अशा वेळी नुसता पंखा भट्टीचा वारा अंगावर घालतो. कूलर लावून खोली मात्र बंद करू नकोस. समोरची खिडकी चार बोटं उघडी हवी, नाहीतर ओल खोलीत कोंडते आणि अंग चिकचिकतं. वाळ्याच्या ताट्या महाग पडतात, पण पहिल्या पाण्याला जो वास सुटतो त्यासाठी मी तरी पैसे मोजीन.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. पत्र्याची टाकी, खाली ओली फरशी, अनवाणी पाय आणि चालू कूलरमध्ये पाइपनं पाणी भरणं. बटण बंद कर, प्लग उपटून बाजूला ठेव, मगच पाणी. प्लग तीन पिनांचा आणि अर्थिंग तपासलेलं असू दे. विजेच्या बोर्डात 30 मिलीअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसवला की करंट गळताक्षणी वीज जाते. लेकाला हे काम दांड्यांच्याच दिवशी उरकायला सांग. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कडा घासायच्या. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेला कडेवर चिकटतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत.

सुनेसाठी एक कागद फ्रिजवर लाव, मोठ्या अक्षरात. अंग तापलेलं आणि त्यात बोलणं भलतंच किंवा गुंगी आली तर तो उष्माघात, 108 ला फोन. गाडी येईपर्यंत सावलीत आडवं करून अंगावर पाणी शिंपडायचं, ओली चादर घालून पंखा लावायचा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. पॅरासिटामॉलनं हा ताप उतरत नाही.

त्याखाली पडण्याचं. पडलेल्याला काखेत हात घालून लगेच उचलायचं नाही. एक पाय आखूड दिसला, पाऊल बाहेर वळलं, मांडीच्या सांध्यात कळ आली तर हलवायचं नाही, चोळायचं तर मुळीच नाही. आणि दोन पावलं चालता आलं म्हणजे हाड शाबूत आहे असंही नसतं, एक्स-रे हवाच. फोन गळ्यात दोरीनं अडकवून ठेव. पलंगावर राहिलेला फोन बाथरूममधल्या बाईच्या काय कामाचा?

लेक म्हणेल, आई तू तर ठणठणीत आहेस, दांड्या कशाला. वाद घालू नकोस, व्याह्यांच्या गुडघ्यासाठी म्हण. सुनेशी मात्र थेट बोल, लेकाच्या तोंडून निरोप धाडू नकोस. निरोपात सोय मागितलेली तक्रार होऊन पोचते. आणि तिला तिच्या घरात काय अडतं तेही विचार. दुपारी शाळेतून येणारी मुलं तुझ्याकडे असतील तर जेवणाची, झोपेची वेळ तिचीच राहू दे.

बॅगेत सुती लुगडी, मागून पट्टा असलेल्या सँडल (मऊ चपला नकोत), औषधांची जुनी चिठ्ठी, आणि आमसुलं दोन किलो. इथे मिळतात ती वाळून खडंग झालेली असतात. एक किलो माझं.

दांड्या लावायच्या आधी भिंतीवर बोटानं टकटक करून बघायला सांग. टाइल पोकळ वाजली तर त्या जागी भोक पाडायचं नाही, टाइल फुटते आणि बोल्टही धरत नाही. भरीव वाजेल तिथे खूण करायला सांग आणि मला कळव.

तुझी,
नागपूरकर मैत्रीण